'त्या काळी चालायचं' म्हणजे नेमकं कोणाला चालायचं?

बीबीसीवर १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षं एक कार्यक्रम चालला : 'द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो'. गोरे गायक तोंडाला काळा रंग फासायचे, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती पांढरी कडा ठेवायचे आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरची म्हणून ओळखली जाणारी जुनी गाणी एकापाठोपाठ एक म्हणायचे. त्यांच्यासोबत नाचणाऱ्या मुली मात्र गोऱ्याच्या गोऱ्या, त्यांना रंग नाही. चाली गोड, कपडे झगमगीत, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असा मामला. ऐन भरात दोन कोटींच्या आसपास लोक तो बघत. १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो महोत्सवात त्याला 'गोल्डन रोझ' हा मानाचा पुरस्कार मिळाला. लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात त्याचा रंगमंचीय अवतार १९६२ पासून दहा वर्षं हाऊसफुल चालला.

आज त्याची चित्रफीत कोणी दाखवली की बघणारे आधी गप्प होतात आणि मग कोणीतरी ते ठरलेलं वाक्य म्हणतं. "त्या काळी चालायचं हो. लोकांना कळत नव्हतं तेव्हा." वाक्य समंजस वाटतं. कालच्या माणसांना आजच्या फूटपट्टीने मोजू नये, हा उदारपणाही त्यात आहे. माझं भांडण त्या उदारपणाशी नाही. माझं म्हणणं इतकंच, की हे वाक्य माहिती म्हणून चुकीचं आहे.

कारण १९६२ मध्ये, म्हणजे कार्यक्रम अगदी जोरात असताना, खुद्द बीबीसीच्या मुख्य हिशेबनिसाने वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की हा प्रकार लाजिरवाणा आहे आणि जगभरच्या काळ्या माणसांचा अपमान आहे. बॅरी थॉर्न हे त्यांचं नाव. ते कोणी चळवळे नव्हते, जमाखर्च बघणारा माणूस. पण आधी ते बीबीसीच्या न्यू यॉर्क कार्यालयात काम करून आले होते आणि तिथे काय चाललंय हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. १९६७ मध्ये वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या एका संघटनेने काळ्या-गोऱ्या लोकांच्या सह्यांचं निवेदन दिलं, तेव्हा थॉर्न यांनी पुन्हा लिहिलं. वरून आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की काळ्या लोकांच्या खऱ्या हितचिंतकांनी त्यांना सांगावं : तुमचा मुद्दा कळतो, पण तुमच्याच भल्यासाठी गप्प बसा, एवढ्या किरकोळ गोष्टीवर दारूगोळा वाया घालवू नका.

त्यानंतरही कार्यक्रम अकरा वर्षं चालला.

म्हणजे कळत नव्हतं असं नाही. लेखी कळवलं होतं. फायलीत होतं. मग 'कळत नव्हतं' हे आपण कोणाबद्दल म्हणतो? आणि 'चालायचं' हे कोणाच्या वतीने?

इथे आपल्या भाषेतल्या एका शब्दाने थोडा घोटाळा केलाय, असं मला वाटतं. आपण 'वर्णद्वेष' म्हणतो. द्वेष म्हटलं की दातओठ खाणारा, हातात दगड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. शनिवारी संध्याकाळी दिवाणखान्यात चहा पीत तो कार्यक्रम बघणाऱ्या कुटुंबात द्वेष करणारं कोणी नव्हतं. त्यांना तो कार्यक्रम आवडायचा, इतकंच. कदाचित त्या काळ्या रंगातल्या माणसांबद्दल त्यांना एक प्रकारची मायाही वाटत असेल. 'वंशवाद' म्हणावं तर त्यात 'वाद' आहे, म्हणजे काहीतरी तत्त्वज्ञान, भूमिका. तीही त्या कुटुंबाची नव्हती. द्वेष नाही, वाद नाही, तरी ती गोष्ट वीस वर्षं दिमाखात उभी राहते. ती कशावर उभी राहते हा खरा प्रश्न. माझ्या मते दोन फार साध्या गोष्टींवर : माहीत नसणं, आणि चारचौघांसारखं वागणं. दोन्ही सुट्या असतात तेव्हा निरुपद्रवी. एकत्र आल्या की एकमेकींना जे पोसतात, त्याला तोड नाही.

आधी माहीत नसण्याबद्दल.

तोंडाला काळं फासून करमणूक करायचा हा प्रकार अमेरिकेत १८३० च्या सुमारास फोफावला. थॉमस राइस नावाचा एक गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून, फाटके कपडे घालून, 'जिम क्रो' या नावाने एक वेडंवाकडं गाणं-नाच करायचा. लोक वेडे झाले. १८३६ मध्ये तो लंडनलाही जाऊन आला. १८४३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' नावाच्या चौघांनी संध्याकाळभराचा अख्खा कार्यक्रमच तसा बांधला, आणि पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेची सर्वांत लाडकी करमणूक ती हीच. नाव व्हर्जिनियाचं, पण त्यांच्यातला प्रमुख डॅन एमेट हा ओहायोचा, म्हणजे जिथे गुलामगिरीच नव्हती त्या राज्यातला. प्रेक्षक न्यू यॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाचे : कामगार, नुकतेच बोटीतून उतरलेले आयरिश, कारकून. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कापसाचा मळा आयुष्यात बघितला नव्हता. जाहिरातीत मात्र लिहिलेलं असायचं, की मळ्यावरचं अस्सल जीवन बघा.

'अस्सल' हा शब्द इथे कळीचा आहे. लोक नुसते हसायला जात नव्हते, ते माहिती घ्यायला जात होते. गुलाम कसे राहतात? आनंदात. मालक गेला तर काय करतात? रडतात. शिकले-सवरले तर? मोठमोठे शब्द चुकीचे वापरून स्वतःचं हसं करून घेतात. स्टीफन फॉस्टर हा त्या काळचा सर्वांत गाजलेला गीतकार पिट्सबर्गजवळचा, दक्षिणेशी त्याचा संबंध नावापुरता. मळ्यावरच्या घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या काळ्या माणसाचं एक गाणं त्याने लिहिलं, तेव्हा चालीत बसेल असं नदीचं नाव त्याला हवं होतं; त्याच्या भावाने सांगितलेली हकीकत अशी की दोघांनी नकाशा उघडला आणि त्यातून एक नाव उचललं. नकाशातून उचललेल्या नदीच्या काठी नकाशातून उचललेलं दुःख. गाणं मात्र सुरेख होतं, आणि घरोघरी गेलं. ज्याने कधी मळा बघितला नाही अशा माणसाने, ज्यांनी कधी मळा बघितला नाही अशा लोकांना, मळ्याबद्दल जे सांगितलं ते पुढे देशाचं सामान्यज्ञान झालं.

म्हणून 'लोकांना माहीत नव्हतं' हे वाक्य अर्धंच आहे. त्यांना पुष्कळ माहीत होतं. सगळं चुकीचं होतं आणि सगळं तिकीट काढून मिळवलेलं होतं. पैसे मोजून, हसत-रडत मिळवलेली माहिती माणूस सहजी सोडत नाही. प्रत्यक्ष काळा माणूस समोर येऊन वेगळं काही सांगू लागला, तर तोच खोटा वाटतो.

आणि सांगणारे होतेच. फ्रेडरिक डग्लस मेरिलंडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, १८३८ मध्ये पळाला, त्याने स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. १८४८ मध्ये त्यात त्याने या रंगारी मंडळींना गोऱ्या समाजातला गाळ म्हटलं : निसर्गाने यांना जो वर्ण दिला नाही तो आमच्याकडून चोरून हे पैसे मिळवतात आणि आपल्या गोऱ्या बांधवांच्या बिघडलेल्या अभिरुचीला खाऊ घालतात, असं. १८४८! मिन्स्ट्रेल प्रकार ऐन तारुण्यात होता तेव्हा. 'त्या काळी' म्हणताना आपण डग्लसला त्या काळातून वगळतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. तोही त्या काळचाच होता. 'काळ' म्हणजे कोण, हे प्रेक्षागृहात बसलेल्यांनी ठरवलं, आणि दीडशे वर्षांनी आपण मुकाट्याने त्यांची मोजणी मान्य करतो.

जाता जाता : राइसच्या त्या पात्राचं नाव पुढे कायद्यांना चिकटलं. काळ्या लोकांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ देणाऱ्या सगळ्या कायद्यांना अमेरिकेत 'जिम क्रो' कायदे म्हणतात. विदूषकाचं नाव दंडविधानाला.

अज्ञान म्हणजे अडाणीपणा, असा एक सोयीस्कर समज असतो. शिकलेल्या माणसाला तो फार आवडतो. म्हणून १९१५ चं उदाहरण घ्यायला हवं. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट त्या वर्षी आला. यादवी युद्धानंतर मुक्त झालेले काळे लोक म्हणजे गोऱ्या स्त्रियांच्या मागे लागणारे, विधानसभेत पाय वर करून बसणारे रानटी. आणि 'कू क्लक्स क्लॅन' ही काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची गुप्त संघटना म्हणजे घोड्यांवरून येणारी तारणहार सेना, अशी त्याची मांडणी. चित्रपट तंत्राच्या दृष्टीने त्या वेळी थक्क करणारा होता. त्याचा खेळ थेट व्हाइट हाऊसमध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष वूड्रो विल्सन हे साधे राजकारणी नव्हते. इतिहास-राज्यशास्त्रातले डॉक्टरेट, प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. चित्रपटातल्या पाट्यांवर त्यांच्याच इतिहासग्रंथातली वाक्यं छापलेली होती. म्हणजे प्राध्यापकाचं पुस्तक चित्रपटाला प्रमाणपत्र देतंय, आणि चित्रपट प्राध्यापकाच्या घरी जाऊन ते त्याला परत दाखवतोय. अज्ञानाचं हे वर्तुळ अडाणी माणसाला जमणारं नाही, त्याला ग्रंथालय लागतं.

त्याच वर्षाच्या शेवटी, जॉर्जियातल्या स्टोन माउंटन या डोंगरावर विल्यम सिमन्स नावाच्या माणसाने मृतप्राय झालेली क्लॅन पुन्हा उभी केली आणि तिथे एक क्रूस पेटवला. जुनी क्लॅन क्रूस पेटवत नसे. ती कल्पना ज्या कादंबरीवरून चित्रपट बेतला होता त्या कादंबरीतली, आणि तिथून चित्रपटात आलेली. पुढे कित्येक दशकं काळ्या माणसांच्या दारात जो जळता क्रूस दिसला, की घरातली माणसं रात्रभर जागी राहत, तो एका लेखकाला सुचलेला देखावा होता. 'अहो, सिनेमाच तर आहे' असं म्हणणाऱ्या माणसाला मी दरवेळी हे उदाहरण देतो. मग तो विषय बदलतो.

त्याही वेळी विरोध झाला, आणि मोठा झाला. बॉस्टनमध्ये विल्यम मनरो ट्रॉटर या काळ्या संपादकाने लोक जमवले, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने शहराशहरात दाद मागितली. काही ठिकाणी दृश्यं कापली गेली. बाकी ठिकाणी रांगा लागल्या. विरोधामुळे थोडी जास्तच लांब लागल्या असतील.

दुसरी गोष्ट, चारचौघांसारखं वागणं. संस्कृतातलं वचन आपल्याकडे सर्रास वापरतात : गतानुगतिको लोकः. पुढचा गेला म्हणून मागचा जातो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास हे प्रयोगाने मोजलं. एका माणसाला सात-आठ जणांच्या घोळक्यात बसवायचं, तीन रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेएवढी आहे ते मोठ्याने सांगायला लावायचं. बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते ठरवून एकच चुकीचं उत्तर देतात. उत्तर इतकं ढळढळीत की एकटं असताना कोणी चुकत नाही. तरी घोळक्यात सुमारे चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी मान तुकवली.

रेघांच्या बाबतीत ही गत, तर हसण्याच्या बाबतीत काय विचारता! रेघेचं उत्तर निदान विचार करून द्यायचं असतं. हसू तसं नाही. ते आधी येतं, विचार मागाहून, आला तर. अंधाऱ्या प्रेक्षागृहात शेजारी हसला की आपल्यालाही हसू फुटतं, आणि एकदा हसलो की आपण त्या विनोदाचे भागीदार होतो. मग त्याला नावं ठेवायची म्हणजे दोन मिनिटांपूर्वीच्या स्वतःला नावं ठेवायची, शिवाय डाव्या-उजव्या शेजाऱ्याला. एवढा उद्योग करमणुकीला आलेला माणूस कशाला करेल? त्यापेक्षा विनोद निरुपद्रवी होता असं ठरवून टाकणं सोपं. मी हे वरून बघून सांगत नाही. असल्या नकलांना मी हसलेलो आहे, आणि हसताना 'हे बरं नाही' असं मनात येऊनही हसलेलो आहे, कारण सगळे हसत होते आणि आपलं तोंड एकट्याचं सरळ राहिलेलं दिसेल याची लाज वाटली.

अमेरिकन दूरचित्रवाणीने तर शेजाऱ्याचीही गरज ठेवली नाही. १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने हसण्याची पेटी बनवली : बटण दाबलं की खुदखुद, दुसरं दाबलं की खोखो. (फ्रेडरिकचं आणि याचं आडनाव एकच, निव्वळ योगायोग.) घरात एकटा बसलेला माणूसही आता घोळक्यात होता, आणि तो घोळका कधीच असहमत होत नव्हता.

या सगळ्याचा एक विचित्र परिणाम होतो. खोलीतल्या प्रत्येकाला थोडंसं खटकलेलं असतं, पण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना खटकत नाहीये. ह्यूबर्ट ओगॉर्मन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ च्या अमेरिकेतल्या पाहणीचे आकडे तपासले, तेव्हा हेच दिसलं : वर्णविभाजन हवंच म्हणणारे गोरे प्रत्यक्षात अल्पसंख्य होते, पण आपल्या भोवतालच्या बहुसंख्य गोऱ्यांना ते हवं आहे असं मानणारे गोरे पुष्कळ जास्त होते. म्हणजे लोक एका अशा बहुमतापुढे मान तुकवत होते जे अस्तित्वातच नव्हतं. आपल्याकडे म्हणतात, मौनं संमतिलक्षणम्. व्यवहारात ते खरं ठरतं ही खरी अडचण. मौन पाळणाऱ्याच्या मनात संमती नसतेच. ऐकणारा मात्र ती मोजून घेतो.

आता या दोन गोष्टी एकमेकींना कशा सांभाळतात ते बघा. ज्याला माहीत नाही तो बहुमताकडे बघतो, कारण दुसरं साधन नाही. बहुमत हसतंय म्हणजे चित्र खरंच असणार. आणि ज्याला माहीत आहे, तो एकटा पडतो, त्याला 'विनोदबुद्धी नाही' असं ऐकावं लागतं, रसभंग केल्याचा आळ येतो, तो गप्प होतो. तो गप्प झाल्यामुळे ज्याला माहीत नाही त्याला ते कधीच कळत नाही. बीबीसीच्या त्या उत्तरात 'गप्प बसा' हा सल्ला आला तो उगीच नाही. साखळीतली तीच कडी नाजूक असते, हे उत्तर लिहिणाऱ्याला मनातून ठाऊक असावं.

सत्तेला हे नीट कळतं. नाझी जर्मनीत १९४० मध्ये ज्यूंविरुद्ध दोन चित्रपट आले. एक माहितीपटाच्या थाटाचा, ज्यूंची तुलना उंदरांशी करणारा, उघड विखारी. तो तिकीटबारीवर आपटला, लोकांना किळस आली. दुसरा 'युड झ्यूस', वाइट हार्लानने दिग्दर्शित केलेला : पोशाखी, भव्य, प्रेमकथा, खलनायक, सूड, सगळा मसाला. तो दोन कोटींहून अधिक लोकांनी बघितला, आणि एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याने त्या दलाला आणि पोलिसांना तो बघण्याचा आदेश दिला. द्वेष शिकवायला गेलं की माणूस सावध होतो. गोष्ट सांगायला लागलं की पुढे सरकून बसतो.

याच्या उलट बाजूला नेहमी दोन आक्षेप येतात. दोन्ही खोटे नाहीत, म्हणून त्यांच्याजवळ थांबायला हवं.

पहिला : 'त्यांच्यातलेच लोक यात काम करायचे की.' खरं आहे. बर्ट विल्यम्स हा बहामामध्ये जन्मलेला काळा नट, त्याच्या पिढीतला कदाचित सर्वांत मोठा विनोदी नट, १९१० मध्ये ब्रॉडवेच्या झीगफेल्ड फॉलीज या नाच-गाण्यांच्या कार्यक्रमात गोऱ्या नटांबरोबर उभा राहिला. आणि तोही जळक्या बुचाची काजळी लावायचा. काळ्या माणसाने काळा दिसण्यासाठी काळं फासायचं, कारण प्रेक्षकाच्या डोक्यातला 'काळा' हा प्रत्यक्षातल्या काळ्याहून वेगळा होता, आणि पैसे पहिल्याला मिळत होते. त्याच्याबरोबर काम केलेला विनोदवीर डब्ल्यू. सी. फील्ड्स म्हणायचा, की मी बघितलेला सर्वांत विनोदी माणूस तो आणि मला माहीत असलेला सर्वांत दुःखी माणूसही तोच. विल्यम्सची संमती होती का? होती, जशी एकुलतं एक दार उघडं असताना त्यातून जाणाऱ्याची असते.

या आक्षेपाची एक बाजू मात्र मला अजून सुटलेली नाही. 'एमॉस अँड अँडी' ही रेडिओमालिका १९२८ पासून दोन गोरे नट काळ्यांचा आवाज काढून करायचे. १९५१ मध्ये ती दूरचित्रवाणीवर आली तेव्हा मुख्य भूमिकांत काळे नट घेतले. संघटनांनी निषेध केला, दोन वर्षांत नवे भाग थांबले. पण मग काळ्या नटांना काम देणारी तशी दुसरी मालिकाही बराच काळ आली नाही, आणि त्या नटांनी तक्रार केली की आमच्या पोटावर पाय आला. काही काळ्या प्रेक्षकांनाही ती आवडायची. इथे कोण बरोबर हे मी सांगू शकत नाही. इतकं दिसतं, की ज्या मैदानात दोनच सोंगट्या ठेवल्या आहेत तिथे कुठलीही चाल खेळा, हरण्यासारखीच असते. आणि सोंगट्या किती ठेवायच्या हे त्या नटांनी ठरवलेलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक हुशार : 'ती तर वर्णद्वेषाचीच टिंगल आहे.' १९७१ मध्ये अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका सुरू झाली, तिच्यातला आर्ची बंकर हा पूर्वग्रहांचं गाठोडं असलेला गृहस्थ. त्याचं हसं व्हावं ही कर्त्यांची इच्छा. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रेक्षकांना विचारलं, तर ज्यांच्या मनात पूर्वग्रह कमी होते त्यांनी आर्चीची टिंगल बघितली, आणि ज्यांच्या मनात ते जास्त होते त्यांना आर्चीच शहाणा वाटला. दोघे एकाच विनोदाला हसले. बाहेरून ऐकणाऱ्याला एकच हशा ऐकू आला. याचा अर्थ असा विनोद करूच नये असं मी म्हणणार नाही. तो करणाऱ्याने 'माझा हेतू बघा' म्हणून हात झटकू नयेत, इतकं नक्की म्हणेन.

बंदीचं म्हणाल, तर मला तिचा उत्साह नाही. बंदी घातली की चर्चा कलाकृतीवरून उठते आणि स्वातंत्र्यावर जाऊन बसते, आणि ज्यांनी कधी कोणाच्या स्वातंत्र्याची फिकीर केली नाही तेही तिथे खुर्ची टाकतात. शिवाय ॲशच्या प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग लोक सांगायला विसरतात. त्या फितवलेल्या घोळक्यात फक्त एकाने खरं उत्तर दिलं, तर बिचाऱ्या पाहुण्याच्या चुका एक-चतुर्थांशावर आल्या. घोळका तेवढाच होता. बहुमत तेच होतं. एकाच आवाजाची भर पडली होती.

याची खरी परीक्षा नेदरलँड्समध्ये झालेली दिसते. तिथे दर डिसेंबरला संत निकोलासचा सण असतो आणि त्याच्याबरोबर त्याचा नोकर 'झ्वार्टे पीट', काळा पीट : गोरी माणसं तोंड काळं करून, लाल ओठ रंगवून, कुरळे केस लावून लहान मुलांना खाऊ वाटायची. नोकराचं हे रूप यान शेंकमान या शिक्षकाच्या १८५० च्या बालपुस्तकातून रुजलं. डच वसाहतींमधली गुलामगिरी संपली ती १८६३ मध्ये. मुलांना सांगायचे की पीट धुराड्यातून येतो म्हणून काळा. धुराड्यातून येऊन ओठ लाल आणि केस कुरळे कसे होतात, हा प्रश्न मुलं विचारत असतील, मोठे विचारत नसत. २०११ मध्ये दोन काळे कलावंत 'झ्वार्टे पीट म्हणजे वर्णद्वेष' असं लिहिलेले शर्ट घालून मिरवणुकीच्या कडेला उभे राहिले, त्यांना पोलिसांनी जमिनीवर आडवं करून धरून नेलं. २०१३ मध्ये पीटच्या समर्थनाच्या फेसबुक पानाला काही दिवसांत वीस लाखांहून जास्त पसंत्या मिळाल्या, जेमतेम एक कोटी सत्तर लाखांच्या देशात. २०१४ मध्ये पंतप्रधान मार्क रुटे यांनी पत्रकारांसमोर गंमत केली : अँटिलीस बेटांवरचे (म्हणजे डच कॅरिबियनमधले) माझे मित्र नशीबवान, त्यांना तोंड रंगवावं लागत नाही, मला मात्र तो रंग काढायला दिवसच्या दिवस लागतात.

२०२० च्या जूनमध्ये तेच रुटे संसदेत म्हणाले की माझं मत बदललंय. लोकांशी बोललो, त्यात लहान मुलंही होती, पीट काळा असल्यामुळे आपल्याला फार वाईट वागवल्यासारखं वाटतं असं ती म्हणाली, आणि असं कोणाला वाटावं हे मला नको आहे. तोवर मोठ्या शहरांतल्या मिरवणुकांतून काळा रंग जाऊन काजळीचे चार फराटे आले होते. ज्या गोष्टीसाठी वीस लाख लोक हमरीतुमरीवर आले होते ती पुष्कळांनी सात वर्षांत सोडून दिली. खोल श्रद्धा अशी सात वर्षांत जात नाही. सवय जाते, शेजाऱ्याने सोडली की.

२०२० मध्ये जे कळलं ते २०१४ मध्ये कळण्यासारखं नव्हतं असं नाही. ती मुलं, किंवा त्यांच्यासारखीच दुसरी, आधीही शाळेत जात होती, दर डिसेंबरला घरी येऊन आईला काही सांगत होती. सहा वर्षांत पंतप्रधानांनी ते ऐकलं, एवढाच फरक.

थॉर्न यांच्या पहिल्या पत्रानंतर बीबीसीला सोळा वर्षं लागली. १९७८ मध्ये कार्यक्रम बंद झाला. रंगमंचावरचे दौरे मात्र त्यानंतरही काही वर्षं चालू राहिले, आणि तिकिटं जात होती.